गाण्याला जागा देताना : घरच्या संगणकावर रिव्हर्बचा वापर

भजनाच्या कार्यक्रमाआधी ध्वनिव्यवस्था तपासताना गायक हमखास एक वाक्य म्हणतात : "जरा एको वाढवा." त्यांना बहुतेक वेळा खरा एको नको असतो. आपला आवाज कोरडा, उघडा पडल्यासारखा वाटतो आहे, त्याला थोडा घुमारा मिळावा, एवढेच त्यांचे म्हणणे असते. घरी गाणे ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्याचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा मेळ, करणारे आपण सारेही याच इच्छेपासून सुरुवात करतो आणि रिव्हर्बचे, म्हणजे हा घुमारा देणारे, प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) उघडल्यावर समोर आलेली बटणे पाहून थबकतो. ही बटणे एका ठरावीक उदाहरणाच्या आधाराने उलगडून दाखवावीत, असा या लेखाचा हेतू आहे. उदाहरण असे : घरी ध्वनिमुद्रित केलेला एक अभंग, त्यात एक गायक, तानपुरा, हार्मोनियम, तबला, टाळ आणि ध्रुवपदाला साथ करणारे तीन-चार टाळकरी. रिव्हर्बमुळे श्रोत्याला दोन गोष्टी कळतात : गायक कुठे बसला आहे आणि आपल्यापासून किती अंतरावर बसला आहे. प्लगइनमधले जवळजवळ प्रत्येक बटण या दोहोंपैकी एका गोष्टीशी बांधलेले असते, आणि हे एकदा मनात पक्के झाले की पुढचे सारे बरेच सोपे होते.

आधी एको आणि रिव्हर्ब यांतला फरक पाहू. विजापूरच्या गोल घुमटात वरच्या सज्जात उभे राहून टाळी वाजवली, तर ती समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. मोहम्मद आदिलशहाच्या या कबरीचे काम १६५६ मध्ये पूर्ण झाले. तिच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन आवाजाला ७६ मीटर अंतर कापावे लागते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ती टाळी साधारण ०.२२ सेकंदाने परत येते आणि कानाला सुटी, वेगळी टाळी म्हणून ऐकू येते. हा एको, म्हणजे प्रतिध्वनी. याउलट एखाद्या जुन्या शिवालयाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटला, तर एकही परतलेला आवाज सुटा ऐकू येत नाही. दगडी भिंती जवळ असतात, आवाज एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर, छतावरून फरशीवर असा आपटत राहतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या हजारो प्रती एकमेकींत इतक्या दाट मिसळतात की कानाला एकसंध, हळूहळू विरत जाणारा निनाद जाणवतो. हा रिव्हर्ब.

प्रती वेगळ्या का ऐकू येत नाहीत, याचे कारण आपल्या कानात आणि मेंदूत आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात या गोष्टीचा अभ्यास मांडला. मूळ आवाजानंतर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची प्रत आपण वेगळी मोजत नाही. ती मूळ आवाजातच मिसळते, त्याला भरीवपणा देते, पण आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू पहिल्या, सरळ आलेल्या आवाजावरच विश्वास ठेवतो. मिक्सिंग करताना आपण जे काही करतो, ते या सवयीच्या आधारानेच करतो.

कोणत्याही वास्तूतला घुमारा तीन टप्प्यांत कानावर येतो. पहिला गायकाच्या तोंडून सरळ येणारा आवाज. दुसरा जवळच्या भिंती, फरशी आणि छत यांवरून एकदा-दोनदा आपटून आलेल्या थोड्या प्रती, ज्यांना प्लगइनमध्ये अर्ली रिफ्लेक्शन्स म्हणतात. त्यांच्यातल्या अंतरावरून आपल्याला जागेचा आकार उमगतो. तिसरा तो दाट, विरत जाणारा निनाद. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे छत सुमारे १४ मीटर उंच आहे. खाली उभे राहून गाणाऱ्याच्या कानापासून छतापर्यंत जाऊन परत यायला आवाजाला २५ मीटरच्या आसपास अंतर पडते, म्हणजे जवळजवळ ७३ मिलिसेकंद लागतात. आपल्या फ्लॅटमधल्या खोलीत हाच प्रवास १० मिलिसेकंदांच्या आत संपतो. डोळे मिटूनही आपल्याला लेणे आणि खोली यांतला फरक लगेच कळतो, त्यात या वेळांचा मोठा वाटा आहे.

निनाद किती वेळ टिकतो, हे मोजण्याची रीत अमेरिकेतल्या वॉलेस सॅबिन यांनी घालून दिली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले नवे व्याख्यानगृह निकामी ठरले होते, कारण तिथे उच्चारलेला शब्द जवळजवळ साडेपाच सेकंद घुमत राही आणि वक्त्याचे बोलणे त्याच्याच मागच्या वाक्यांत बुडून जाई. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून, एकेक वाढवत, घुमणे किती कमी होते ते मोजले. त्यातून निघालेला नियम आजही वापरात आहे : खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे आवाज ६० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने दहा लाखाव्या भागापर्यंत, उतरायला लागणारा वेळ. प्लगइनमधल्या 'डीके' किंवा 'रिव्हर्ब टाइम' या बटणावर दिसणारा आकडा साधारणपणे हाच वेळ असतो.

हा नियम आपल्या घराला लावून पाहण्यासारखा आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ३६ घनमीटर होते. नुकताच ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये, जिथे फरशी आणि गिलाव्याखेरीज काहीच नाही, एकूण शोषण ३ चौरस मीटर धरले तर घुमण्याचा वेळ १.९ सेकंदांच्या पुढे जातो. रिकाम्या घरात बोलताना आवाज विचित्र का लागतो, हे यावरून कळते. त्याच खोलीत गादी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट आणि कपडे आले आणि शोषण १२ चौरस मीटर झाले, की तोच वेळ अर्ध्या सेकंदाच्या खाली उतरतो.

मिक्सिंगच्या लेखात खोलीचे गणित आणण्याचे कारण असे की ध्वनिमुद्रणात शिरलेला खोलीचा घुमारा नंतर नीट काढता येत नाही. तो कमी करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती घुमाऱ्याबरोबर आवाजाचा जिवंतपणाही थोडा ओढून नेतात. लहान खोलीतल्या भिंतींवरून आलेल्या प्रती अवघ्या काही मिलिसेकंदांत माइकमध्ये शिरतात, मूळ आवाजाच्या काही कंपनसंख्या खातात, काही फुगवतात, आणि गायक पत्र्याच्या डब्यात बसून गातो आहे असे वाटू लागते. अशा आवाजावर प्लगइनमधून कितीही भव्य सभागृह चढवले, तरी श्रोत्याला सभागृहात ठेवलेला डबाच ऐकू येतो. म्हणून रिव्हर्बची पहिली पायरी माइक लावतानाच येते. गायकाने कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे पाठ करून बसावे किंवा त्याच्या पाठीमागे दोन जाड रजया, गोधड्या टांगाव्यात. त्या पाठीमागेच हव्यात, कारण आपण सहसा वापरतो तो कार्डिऑइड माइक समोरून येणारा आवाज जास्त घेतो, आणि माइकच्या समोर गायकाच्या मागची भिंत असते. आवाज कोरडा, थोडा नीरससुद्धा वाटला तरी चालेल. कोरड्या आवाजाला हवी ती जागा देता येते, एकदा भिजलेल्या आवाजाला मात्र दुसऱ्या जागी नेता येत नाही.

प्लगइन उघडले की हॉल, रूम, चेंबर, प्लेट, स्प्रिंग अशी नावे समोर येतात. ही नावे कृत्रिम घुमाऱ्याचा इतिहासच सांगतात. पूर्वी स्टुडिओत एक रिकामी, टणक भिंतींची खोली राखून ठेवत. तिच्यात स्पीकरवरून गायकाचा आवाज सोडत आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या माइकने घुमलेला आवाज परत घेत. ही चेंबर. अमेरिकेत बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये स्टुडिओतल्या स्वच्छतागृहाचाच असा उपयोग केला होता. १९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने 'ईएमटी १४०' हे यंत्र आणले. त्यात अर्ध्या मिलिमीटर जाडीचा, सुमारे २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवलेला असे, त्याला आवाजाने कंपित करत आणि पत्र्यावरच्या लहरी पुन्हा टिपून घेत. हे यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात जाई. पत्र्यात भिंती नसतात, त्यामुळे प्लेटमध्ये खोलीसारख्या सुट्या प्रती जाणवत नाहीत आणि आवाज सुरू होताच दाट, चमकदार निनाद मिळतो. गळ्याला प्लेट शोभते ती यामुळे. स्प्रिंग म्हणजे खरोखरीच धातूच्या स्प्रिंगमधून जाणारा आवाज. तो हॅमंड ऑर्गनमधून गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये आला आणि गिटारला छान दिसतो, पण तबल्याच्या थापेवर लावला तर प्रत्येक थापेला तारेचा झणकारा चिकटतो, म्हणून आपल्या अभंगात त्याला जागा नाही. संगणकाने गणित करून घुमारा निर्माण करण्याची वाट बेल प्रयोगशाळेतल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखवली, आणि १९७६ मध्ये 'ईएमटी २५०' हे त्या वाटेने जाणारे डिजिटल यंत्र बाजारात आले. आज आपण वापरतो ती बहुतेक प्लगइन याच वंशातली आहेत.

यांच्याहून वेगळा एक प्रकार म्हणजे कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब. यात गणिताने कल्पित जागा रचत नाहीत, खऱ्या जागेची नोंद वापरतात. एखाद्या मंदिराच्या सभामंडपात फुगा फोडला आणि त्यानंतरचा सगळा निनाद शांत होईपर्यंत ध्वनिमुद्रित केला, तर त्या मंडपाचा आवाजी ठसा हाती येतो. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. गायकाच्या ध्वनिमुद्रणातल्या प्रत्येक नमुन्यामागे (नमुना म्हणजे संगणकाने त्या क्षणी मोजलेला आवाजाचा एक आकडा) हा पूर्ण ठसा उमटवत गेले, की गायक त्या मंडपात गायल्यासारखा ऐकू येतो. काम अवाढव्य आहे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात दोन सेकंदांचा ठसा ८८,२०० नमुन्यांचा होतो, म्हणजे सरळ गुणाकार करायचे ठरवले तर प्रत्येक सेकंदाला एका बाजूच्या आवाजासाठी सुमारे ३८९ कोटी गुणाकार लागतील. फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म या गणिती युक्तीने हे काम कित्येक पटींनी कमी होते, म्हणूनच ते घरच्या लॅपटॉपवरही चालते. रीपर या सॉफ्टवेअरबरोबर येणारे 'रीआव्हर्ब' हे प्लगइन असा ठसा चालवू शकते. परवानगी घेऊन, गर्दी नसलेल्या वेळी आपल्या गावातल्या देवळाचा ठसा घ्यावा, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. ज्या मंडपात पिढ्यान्‌पिढ्या भजन झाले, त्याच मंडपाचा घुमारा त्या अभंगाला मिळण्यात मोठे औचित्य आहे. मात्र हा ठसा म्हणजे छायाचित्र आहे. माइक जिथे ठेवला होता तिथलेच ते दृश्य दाखवते, आणि नंतर त्याचा वेळ ताणता-आखडता येतो तो मर्यादेतच. ज्यांना विकत प्लगइन घ्यायचे नाही त्यांना 'ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब' हा विनामूल्य, मुक्तस्रोत संच पुरेसा आहे, आणि शिकण्यासाठी तर तो उत्तमच आहे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. मी जेव्हा पहिल्यांदा असा अभंग मिक्स केला, तेव्हा प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब टाकला होता : गायकाला मोठे सभागृह, हार्मोनियमला खोली, तबल्याला प्लेट, टाळांना आणखी काही. एकेक वाद्य सुटे ऐकताना प्रत्येक छान वाटे. सगळे एकत्र लावले की गाणे धुक्यात गेल्यासारखे होई, आणि का ते मला बरेच दिवस कळले नाही. कारण असे होते की पाच वादक पाच वेगवेगळ्या इमारतींत बसलेले होते आणि श्रोत्याच्या कानाला ते एका मांडवाखाली आणता येत नव्हते. यावर उपाय म्हणजे 'बस', अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र नेणारा सामाईक मार्ग. सॉफ्टवेअरमध्ये एक रिकामा ट्रॅक तयार करावा, त्यावर एकच रिव्हर्ब लावावा, त्यातले 'वेट' (निनाद) १०० टक्के आणि 'ड्राय' (मूळ कोरडा आवाज) शून्य ठेवावे, आणि बाकी सर्व ट्रॅकवरून 'सेंड'च्या मार्गाने हवा तेवढा आवाज त्या बसकडे पाठवावा. मूळ आवाज आपल्या जागी कोरडाच राहतो आणि बसवर फक्त निनाद असतो. सेंड फेडरनंतरचा (फेडर म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) असावा, म्हणजे वाद्याचा आवाज कमी केला की त्याचा निनादही त्याच प्रमाणात कमी होतो. असे केल्याने सगळे एका जागेत येऊन बसतात, संगणकावरचा भार कमी होतो, आणि संपूर्ण जागा लहान-मोठी करायची झाल्यास एकाच ठिकाणी हात घालावा लागतो.

बसवरच्या बटणांपैकी सर्वांत दुर्लक्षिलेले, आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे, बटण म्हणजे प्री-डिले. मूळ आवाज आणि घुमाऱ्याची सुरुवात यांमध्ये किती मिलिसेकंदांचे अंतर ठेवायचे, ते यावर ठरते. मोठ्या मंडपात गायक आपल्या समोर दोन हातांवर बसला असेल, तर त्याचा आवाज लगेच पोहोचतो आणि दूरच्या भिंतींवरून येणाऱ्या प्रती बऱ्याच उशिरा येतात. तोच गायक मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसला, तर त्याचा सरळ आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज जवळजवळ एकदमच पोहोचतात. म्हणजे प्री-डिले वाढवला की गायक जवळ येतो, शून्य केला की तो मागे सरकतो. गळ्यासाठी २० ते ४० मिलिसेकंदांच्या दरम्यान शोध घ्यावा. शब्दाची सुरुवात, म्हणजे त्याचे व्यंजन, त्या मोकळ्या फटीत स्वच्छ ऐकू येते आणि निनाद त्यानंतर उमटतो. अभंगात शब्दच मुख्य असतो. एक ओळ कळली नाही तर रचनेचा अर्थच हातचा जातो, म्हणून ही फट मी कधीही बंद करत नाही. लयीशी मेळ घालायचा असेल तर हिशेब सोपा आहे. मिनिटाला ९६ मात्रांच्या भजनी ठेक्यात एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची होते, तिचा सोळावा भाग ३९ मिलिसेकंद. हा आकडा लावून पाहावा, मग कानाने पुढे-मागे करावा.

डीके किती ठेवावा, याचे उत्तर सभागृहाच्या भव्यतेत शोधण्यापेक्षा गाण्यात शोधावे. वर सांगितलेल्या लयीत १.८ सेकंदांचा निनाद म्हणजे जवळजवळ तीन मात्रा. ओळ संपल्यावर गायक श्वास घेतो त्या जागेत निनाद विरायला हवा, पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर तो सांडता कामा नये. द्रुत तानांच्या गाण्यात हे आणखी नाजूक होते. सेकंदाला आठ स्वर घेणारी तान असेल आणि निनाद अडीच सेकंदांचा असेल, तर कोणत्याही क्षणी मागचे वीस स्वर क्षीण होत होत एकाच वेळी हवेत असतात.

इथे रागाचाही विचार करावा लागतो. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत आणि त्यांत अर्ध्या स्वराच्या अंतराची एकही जोडी नाही, म्हणून लांब निनादात मागचे स्वर पुढच्या स्वरांशी भांडत नाहीत, ते गोड मिसळतात. ललितात मात्र दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात, भैरवात षड्जाला कोमल ऋषभ चिकटलेला असतो. तिथे लांब निनाद लावला की गेलेला स्वर आलेल्या स्वराला खुपू लागतो आणि सूर मळल्यासारखा वाटतो, मग गायकाचा सूर कितीही नेमका असो. एकच संच सर्व गाण्यांना लावू नये, असे मी म्हणतो ते या कारणासाठी. भूपातल्या रचनेला दोन सेकंद सहज पेलतात, ललितातल्या विलंबित आलापाला एक-सव्वा सेकंदही कधी पुष्कळ होतो.

निनादाला पूर्ण रुंदीचा आवाज पाठवण्याची गरज नसते. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग वगळण्याची पद्धत होती, आणि आजही ती तितकीच उपयोगी आहे. अभंगातल्या भारदस्त गळ्यासाठी ६०० चा आकडा मला जरा चढा वाटतो. मी ३०० पासून सुरुवात करतो आणि हार्मोनियमचा खर्ज बसमध्ये जमा होऊ लागला तर वर सरकतो. वरच्या बाजूचे कारण निसर्गातच आहे : हवा, कापड आणि माणसे वरच्या कंपनसंख्या आधी शोषतात, म्हणून खऱ्या जागेतला निनाद विरता विरता मऊ होत जातो. प्लगइनमधले 'डॅम्पिंग' हेच करते. त्याशिवाय स, श आणि च यांचे सुसकारे निनादात गेले की पावसाच्या सरीसारखे पसरतात. त्यासाठी बसवर रिव्हर्बच्या आधी डी-एसर, म्हणजे सुसकारे दाबणारे प्लगइन, लावावा. मुख्य आवाजातले सकार तसेच राहतात, फक्त त्यांचे पडसाद शमतात.

वाद्यांपैकी तानपुऱ्याला मी सेंड देतच नाही, किंवा नावापुरता देतो. जवारीतून निघणारा त्याचा नाद स्वतःच अखंड असतो, आणि अखंड आवाजावर निनाद चढवल्याने जागा कळत नाही, गढूळपणा तेवढा वाढतो. हार्मोनियमलाही थोडेच पुरते. तबल्याचे दोन माइक असतील तर फार सोय होते : डाव्याचा, म्हणजे डग्ग्याचा, सेंड बंद ठेवावा, कारण त्याचा घुमार आधीच भरपूर असतो, आणि दायाचा थोडा चालू ठेवावा. दायाच्या टणत्काराने रिव्हर्बची परीक्षाच होते. 'डिफ्यूजन' (प्रती एकमेकींत किती दाट मिसळाव्यात ते ठरवणारे बटण) कमी असेल तर निनाद एकसंध न राहता वाळूचे कण पत्र्यावर पडल्यासारखा सुटा सुटा ऐकू येतो, तेव्हा ते बटण वाढवावे. टाळ-झांजांना अगदी कमी द्यावे, त्यांची झळाळी पाहता पाहता सगळ्या बसवर पसरते.

टाळकऱ्यांच्या बाबतीत मात्र हात सैल सोडावा. ते गायकाच्या मागे बसलेले आहेत असे वाटायला हवे, आणि अंतराची सगळी चिन्हे आपल्याला आता ठाऊक आहेत : त्यांचा कोरडा आवाज थोडा कमी, सेंड जास्त, वरच्या कंपनसंख्या किंचित उतरवलेल्या, आणि प्री-डिले नाही. प्री-डिले बसवर सर्वांना एकच असतो, म्हणून त्यांच्यासाठी त्याच रिव्हर्बची दुसरी बस करावी, बाकी सर्व बटणे तीच ठेवून फक्त प्री-डिले शून्य करावा. जागा एकच राहते, बसण्याची ओळ तेवढी बदलते. "विठ्ठल विठ्ठल" हा गजर मागून उसळून येताना गायकाचा आवाज पुढे, आपल्या जागी स्थिर राहतो, तेव्हा केलेल्या साऱ्या खटाटोपाचे सार्थक झाल्यासारखे वाटते.

एक गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या वेळची. हेडफोनमध्ये पूर्ण कोरडा आवाज ऐकत गाणे अनेक गायकांना जड जाते, ते आवाज दाबून गातात. त्यांना ऐकण्यापुरता रिव्हर्ब जरूर द्यावा, पण तो ध्वनिमुद्रित होऊ देऊ नये. संगणकातून फिरून येणारा आवाज उशिरा पोहोचतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा, ५१२ नमुन्यांचा असेल तर आत येताना सुमारे ११.६ आणि बाहेर जाताना तितकेच मिलिसेकंद लागतात, आणि एवढ्या उशिराने आलेला स्वतःचाच आवाज गायकाला गोंधळात टाकतो. ऑडिओ इंटरफेसवर थेट ऐकण्याची सोय असेल तर कोरडा आवाज तिथूनच द्यावा आणि संगणकाकडून फक्त निनाद घ्यावा. मग तो २३ मिलिसेकंदांचा उशीर अडचण न राहता आपोआप प्री-डिलेचे काम करतो. निनाद फार देऊ नये, कारण त्याच्या आडोशाला सूर किंचित उतरला तरी गायकाला कळत नाही.

प्रमाण ठरवताना कान फसतो. अर्धा तास ऐकत बसलो की घुमाऱ्याची सवय होते आणि तो कमीच वाटत राहतो. म्हणून बसचा फेडर पूर्ण खाली आणावा, गाणे चालू ठेवून हळूहळू वर न्यावा, निनाद 'ऐकू येतो' असे वाटताक्षणी थांबावे आणि तिथून दोन-तीन डेसिबल खाली यावे. मग बस बंद करून पाहावी. गाणे एकदम आखडल्यासारखे वाटले तर प्रमाण बरोबर आहे. हेडफोनवर बारीकसारीक निनादही स्पष्ट ऐकू येतो, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर त्यातला बराच हरवतो, आणि खोलीतल्या स्पीकरवर खोलीचा स्वतःचा घुमारा त्यात मिसळतो. तिन्हीकडे ऐकल्याशिवाय निर्णय पक्का करू नये. एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करूनही ऐकावे, कारण दोन्ही बाजूंना पसरलेला निनाद मोनोत अनेकदा आक्रसतो. शेवटी मास्टरवर, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र येतात तिथे, लिमिटर लावणार असाल तर तो लावून पुन्हा तपासावे : लिमिटर मोठे आवाज दाबून सगळी पातळी वर उचलतो, आणि त्याबरोबर ओळींमधल्या शांततेत विसावलेला निनादही वर येतो. आधी नेमके वाटलेले प्रमाण त्यानंतर जवळजवळ नेहमीच जास्त होते.

गाणे फाइल म्हणून बाहेर काढताना निवड शेवटच्या स्वरापाशी संपवू नये. शेवटचा "विठ्ठल" संपल्यानंतर निदान चार-पाच सेकंदांची मोकळी जागा ठेवावी, कर्सर तिथे नेऊन, हेडफोनचा आवाज वाढवून, निनाद पूर्ण विरेपर्यंत ऐकावे आणि त्यानंतरच फाइलची सीमा आखावी.